धुतलेले कांदे

अक्काच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. पोस्टमन फाटकाबाहेरूनच घंटी वाजवायचा, पत्र पेटीत सरकवायचा आणि आत न बघता सटकायचा, कारण एकदा त्याने सायकल पालकाच्या वाफ्यात टेकवून ठेवली होती आणि त्या दिवशी त्याला अख्ख्या खानदानाचा उद्धार ऐकावा लागला होता. पाण्याचं मीटर बघायला येणारा माणूस आधी कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून घ्यायचा, आज मूड कसा आहे म्हणून. घरची शेळीसुद्धा सुटली नव्हती. तिचं नाव अक्काने बाईसाहेब ठेवलं होतं, कारण तिला आयतं खायचं असायचं आणि वर नाक मुरडायचं असायचं.

बरं, मनात काही ठेवायची नाही. ज्याला भरपेट झापलं त्याच्याच हातात जाता जाता कोबीचा गड्डा कोंबायची. "ने घरी. बायको खूश होईल. तुझ्यामुळे तर व्हायची नाही, कोबीमुळे तरी होऊ दे." माणूस बोलणी आणि कोबी दोन्ही घेऊन घरी जायचा, आणि पुढच्या आठवड्यात परत यायचा.

जमीन काही मोठी नव्हती, एकरभरही नाही. पुढे घर, घरामागे अर्धी जमिनीत गेलेली कोठीची खोली, तिच्या बाजूला शेळी आणि कोंबड्या, आणि मग थेट ओढ्यापर्यंत भाजीचे वाफे. अक्का लग्न होऊन आली तेव्हा इथे वाफेबिफे काही नव्हते, दगड होते नुसते. नवरा वीज कंपनीत लाइनमन, खांबावर चढण्यात पटाईत, पण मातीतलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. अक्का सकाळी शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांचं जेवण शिजवायची आणि दुपारी येऊन दगड वेचायची. वेचलेल्या दगडांचाच मग चारी बाजूंना गडगा उभा राहिला. मुलगी त्या गडग्यावर बसून अभ्यास करत मोठी झाली, शिकली, शहरात नोकरीला गेली, लग्न केलं. नवरा एका हिवाळ्यात छातीत दुखतंय म्हणाला आणि डॉक्टर येईपर्यंत गेला. अक्का रडली, पंधरवडाभर कुणाशी बोलली नाही, आणि मग एका सकाळी मीटरवाल्याला फैलावर घेतलं तेव्हा सगळ्या गल्लीला हायसं वाटलं.

अक्का हे काही तिचं खरं नाव नाही. पाठच्या भावंडांनी अक्का म्हटलं, ते ऐकून नवऱ्याने म्हटलं, त्याचं ऐकून मुलीने म्हटलं, आणि आता तिला आई म्हणणारं जगात कुणीच नाही.

तर यंदा पानगळ सुरू झाली आणि अक्काचा उजवा खांदा गेला. म्हणजे तुटला वगैरे नाही, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि फावड्यावर जोर देता येईना. आणि पानगळ म्हणजे तिच्या वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. बटाटे काढायचे, कांदे वाळवायचे, गाजरं आणि बीट उपटायचे, शेंगा वेलीवरच खुळखुळायला लागल्या की त्या झोडायच्या, भोपळे देठासकट कापून आत आणायचे. हे सगळं कोठीत नीट गेलं की हिवाळाभर घर चालतं आणि उरलेलं बाजारात जातं. नाही गेलं तर मग विकत आणून खा, आणि अक्काने भाजी विकत आणायची म्हणजे तिच्या दृष्टीने मेल्याहून मेल्यासारखं.

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला हे सगळं दिसत होतं. त्याची काचेची मोठमोठी शेड होती, त्यात तो फुलं पिकवायचा, आणि त्याला जागा कमी पडत होती. माणूस वाईट नव्हता. गडग्यावर कोपरं टेकून म्हणाला, "अक्का, रागावू नका, पण तुमच्याच्याने आता होत नाही. जमीन मला भाड्याने द्या. घर तुमचंच, शेळी तुमचीच. वाफ्यांवर मी शेड घालतो. तुम्ही बसा आरामात."

"आरामात बसून काय करू? तुझी फुलं मोजू?"

"विचार तर करा. पानं गळून संपली की येतो विचारायला. थंडी पडायच्या आत पाया घालावा लागेल मला."

एरवी अक्काने त्याला ट्रॅक्टरसकट ओढ्यात बुडवला असता. यावेळी ती नुसतं "बघू" म्हणाली, आणि त्या "बघू"नेच ट्रॅक्टरवाला जरा घाबरला.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. "अक्का, आम्ही येतोय. थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"थोडे म्हणजे थोडे. त्याची नोकरी गेली." मग जरा थांबून, "मी माझ्या दुकानाच्या इकडच्या शाखेत बदली मागून घेतलीय. बसने जाईन येईन." मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची.

अक्काच्या डोक्यात लगेच चक्रं फिरायला लागली. दोन माणसं, चार धड हात, चार धड खांदे. तोंडाने मात्र ती म्हणाली, "या की. घर काय मला चावतंय थोडंच."

"आणि ऐक. त्याला एक शब्द बोलायचा नाहीस."

"मी कुठे कुणाला बोलते?"

"अक्का!"

"बरं बाई, नाही बोलणार."

"असं नाही. माझी शपथ घे. तो आत्ता काचेसारखा झालाय अक्का. दिवसभर खिडकीत बसतो. तुझं एक वाक्य लागलं ना, तर बॅग भरून निघेल, मग मलाही त्याच्याबरोबर जावं लागेल. मग बस तुझ्या कोबीला ओरडत."

अक्काने शपथ घेतली. लेकीची शपथ, म्हणजे मोडायचा प्रश्नच नाही.

जावई आला. उंच, सडपातळ, कानामागे केस नीट बसवलेले, आणि नखं इतकी स्वच्छ की अक्काने स्वतःचे हात पदराखाली घेतले. वीस वर्षं तो एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची हत्यारं धुवून, वाफवून, पाकिटात बंद करून ठेवायचं काम करत होता. आता हॉस्पिटलने ते काम बाहेर दिलं. रात्री गाडी येते, सगळं घेऊन जाते, सकाळी आणून देते. त्याची खोली बंद, तोही बंद. हे त्याने जेवताना सांगितलं, बातम्यांसारखं, आणि मग ताटाखालचं टेबल कडेपर्यंत पुसून काढलं.

"मला काहीतरी काम द्या," तो म्हणाला. "बसून बसून वेड लागेल."

"द्यायचं काय त्यात," अक्का म्हणाली. "पसरलंय सगळं समोर, घ्या हाताला लागेल ते."

घेतलं. पहिल्याच सकाळी त्याने गवत म्हणून मेथीचा अर्धा वाफा उपटला आणि जुड्या बांधून, मुळं एका रेषेत लावून, गडग्यापाशी ठेवला. अक्का बघत उभी राहिली. तिच्या घशात काय काय आलं ते तिचं तिला ठाऊक. ती म्हणाली, "छान. फार नीट काम आहे हो तुमचं," आणि सरळ गोठ्यात गेली. तिथे तिने बाईसाहेबांना असं काही सुनावलं की शेळी चघळायची थांबली. "डोळे फुटले का तुझे? गवत कुठलं आणि भाजी कुठली एवढं कळू नये? वीस वर्षं काय झोपा काढल्यास?" शेळीला काहीच कळलं नाही. तिचं वय चार.

असं रोज व्हायला लागलं. त्याने वाल उन्हात न टाकता सावलीत ठेवले, छान. कोंबड्यांची पाण्याची भांडी साबणाने घासली आणि कोंबड्या पाण्याला तोंड लावेनात, छान. शेळी दिवसेंदिवस उदास होत चालली. ट्रॅक्टरवाला गडग्यावरून म्हणाला, "अक्का, तब्येत बरी आहे ना? चार दिवस झाले, आवाज नाही तुमचा. मी बायकोला म्हटलं, जाऊन बघून तरी येतो."

"जावई आलेत घरी."

"हां," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "तरीच."

पण एक होतं. काम चुकीचं असलं तरी माणूस कामाला वाघ होता. पहाटे उठायचा, वाकला की वाकलेलाच. बटाट्याच्या ओळीच्या ओळी त्याने एकट्याने खणून काढल्या, एकाही बटाट्याला फावडं लागू दिलं नाही. कांदे उपटून गडग्यावर ओळीने ठेवले. संध्याकाळी मुलगी बसमधून उतरून आली की तो तिला हात धरून दाखवायला न्यायचा, आज इथपर्यंत झालं, उद्या तिथपर्यंत. मुलीचा चेहरा बघून अक्काला वाटायचं, राहतील. हे दोघं इथे राहिले तर जमीन जमीनच राहील. आपलं तोंड तेवढं बंद राहिलं पाहिजे, बाकी काही नाही. तिने तोंडात लवंग धरायला सुरुवात केली.

मग अक्काला खांद्यात इंजेक्शन घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "जावईबापू, माल सगळा वाळलाय. आज कोठीत लावून टाका. खोकी तिथेच आहेत, गाजरं पुरायला वाळू आहे. नीट लावा म्हणजे झालं."

नीट लावा. बास, एवढंच म्हणाली. पुढे काही सांगायची गरज असते हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बटाटा धुवायचा नाही हे कुणाला सांगावं लागतं का? श्वास घ्या म्हणून सांगतो का आपण कुणाला? अंगावरची माती हेच त्यांचं पांघरूण, ती सुकी राहिली की बटाटा चार-पाच महिने निजून राहतो. आणि कांद्याला तर पाण्याचा थेंबही चालत नाही, त्याची वरची सालं कागदासारखी कुरकुरीत झाली की मगच तो टिकतो.

आणि तिकडे जावयाच्या डोक्यात वीस वर्षं एकच नियम बसलेला. न धुतलेली वस्तू कपाटात ठेवायची नाही.

अक्का दुपार कलताना आली तेव्हा अंगण ओलं होतं. पाइप भिंतीवर गोल गुंडाळून ठेवलेला. जावई पायरीवर बसलेला, बाह्या कोपरापर्यंत वर, बोटं पाण्याने सुरकुतलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की अक्काने ते आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

"या, दाखवतो," तो म्हणाला.

कोठीचं दार उघडलं. अक्काने आयुष्यात इतकी सुंदर कोठी पाहिली नव्हती. बटाटे एकेक घासलेले, गुलाबी, नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखे, लहान-मध्यम-मोठे असे वेगवेगळ्या खोक्यांत. गाजरं चकचकीत. बीटांवर ब्रशच्या रेघा दिसत होत्या. आणि कांदे. कांद्यांची वरची सगळी सालं काढून, धुवून, ओल्या अंगाने वेण्या घालून आढ्याला टांगलेले. टपटप, टपटप, खालच्या भोपळ्यांवर पाणी पडत होतं.

"वाळूसुद्धा धुतली," तो म्हणाला. "फार माती होती तिच्यात."

अक्काच्या तोंडातली लवंग कटकन चावली गेली.

"वा," ती म्हणाली. आणि मग, कारण तो वाट बघत होता, "वा."

त्या रात्री स्वयंपाकघरात तिने मुलीचं मनगट पकडलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. मुलगी खाली बसली. "सगळं?"

"वाळूसकट."

"अक्का, आत्ता नको सांगूस. प्लीज. आज तो पोटभर जेवला. किती दिवसांनी जेवला."

"अगं सडणार आहे ते."

"सडू दे. मी पगारातून आणेन विकत."

विकत. अक्काने तिचं मनगट सोडलं.

पण तिने सांगितलं नाही. मनाशी म्हणाली, निभावून नेऊ. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी उठायची, कोठीत जायची, दार उघडं टाकून वारा आत घ्यायची, खोकी चाचपायची. पहिल्यांदा कांदे गेले. मानेपाशी मऊ पडले, मग काळी बुरशी. मग बीट, जिथे जिथे ब्रशने साल खरवडली होती तिथे तिथे. मग एक बटाटा गेला, आणि बटाटा एकटा कधी जात नाही, तो आजूबाजूच्यांना घेऊन जातो. वास असा की उलटी यावी. अक्का डाव्या हाताने वेचायची, घमेल्यात भरायची, खतखड्ड्यात ओतायची आणि वर पिवळी पानं पसरायची. कोठीतल्या वरच्या थरात चांगले बटाटे रचून ठेवायची, म्हणजे दारातून बघणाऱ्याला खोकं भरलेलं दिसावं. आणि नाश्त्याला बसली की, "कोठी कशी आहे अक्का?" "एकदम फर्स्टक्लास."

इकडे झाडांवर पानं कमी कमी होत चालली होती. ट्रॅक्टरवाला जाता येता झाडांकडे बघायचा.

जावयाला मात्र काहीतरी कळत होतं. तो आता बोलेनासा झाला. काही केलं की अक्काकडे बघायचा, ती "छान" म्हणायची, आणि तो मान खाली घालायचा. अक्काला वाटायचं, थकला असेल. मुलगी म्हणायची, "तू काही बोललीस का त्याला?" "अगं, चकार शब्द नाही." "मग असा का झालाय?"

एका दुपारी त्याने आपणहून पानं गोळा करायला घेतली. एकचाकी गाडी भरून खतखड्ड्यापाशी नेली, आधीचं जरा खालीवर करावं म्हणून काट्याचं फावडं आत घातलं, आणि फावड्याबरोबर कांद्याची एक अख्खी वेणी वर आली. त्यानेच घातलेली. त्याने अजून उकरलं. मग फावडं तिथेच रोवून तो घरात आला.

अक्का शेंगा सोलत बसली होती. त्याने वेणी तिच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवली.

"हे कधीपासून चाललंय?"

अक्काने पुढची शेंग सोलली.

"बटाटे पण?"

"थोडे," अक्का म्हणाली.

"थोडे किती?"

"अर्धे."

तो खुर्चीवर बसला. ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "धुतल्यामुळे?"

"हो."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं."

"हो."

"आणि तुम्ही वा म्हणालात." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अक्का, हॉस्पिटलमध्ये शेवटचे सहा महिने असंच होतं. आधी सिस्टर लोक मला काय बोलायचे माहितीये? एक चिमटा कमी आला तर माझ्या खोलीत येऊन डोकं खायचे. मग एकदम सगळे गोड झाले. काहीही पाठवा, छान. उशीर झाला, काही हरकत नाही. मला कळेना असं काय झालं. त्यांना आधीच माहीत होतं की मी जाणार. जाणाऱ्या माणसाला कोण कशाला बोलेल?" तो उठला. "ती आली की आम्ही निघतो. उगाच तुम्हाला सांभाळून घ्यायला नको."

अक्काच्या मांडीवर शेंगांचं ताट होतं. ते तिने बाजूला ठेवलं. आता शपथ पाळली तरी हा जाणार, मोडली तरी जाणार. मग गिळायचं कशासाठी? आणि खरं सांगायचं तर तिने इतका हिशोबही केला नाही, तो दाराकडे वळला आणि तिच्या तोंडून निघालंच.

"बस खाली."

तो वळला.

"बस म्हणते ना. निघतो म्हणे. अरे, माझी अख्खी कोठी आंघोळ घालून मारलीस आणि आता बॅग उचलून निघतोस? निस्तरणार कोण, तुझा हॉस्पिटलवाला? कांदा कधी कुणी धुतो का रे? तुझ्या घरी कांदा न्हाणीघरात ठेवायचे का? आणि वाळू. वाळू धुतली याने. मी साठ वर्षांत वाळू धुणारा माणूस पाहिला नाही, उद्या ओढ्याला साबण लावशील. मेथी उपटलीस, मी गप्प. कोंबड्यांना फेस पाजलास, मी गप्प. माझ्या पोटात अल्सर व्हायची वेळ आली. त्या शेळीला विचार, तुझ्या वाट्याचं किती ऐकलंय तिने ते. माहीत नव्हतं तर विचारायचं ना, जिभेला काय लकवा झाला होता?"

"तुम्हीही सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"मी कशाला सांगेन? शपथ घातली होती तुझ्या बायकोने."

"कसली शपथ?"

"तुला बोलायचं नाही म्हणून. काचेचा आहेस म्हणे तू."

अक्काचा श्वास वर झाला होता. तिला वाटलं, झालं, आता गेला. आणि तो हळूच म्हणाला, "राहिलेले बटाटे वाचतील का?"

"वाचतील, इथे उभा राहिलास तर नाही वाचणार. चल."

मग जे काही झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. प्रत्येक खोकं अंगणात आलं. सडके एकीकडे, ओले पण धड एकीकडे, कोरडे एकीकडे. अक्का स्टुलावर बसून डाव्या हाताने दाखवत होती आणि तोंड अखंड चालू होतं. "तो नाही, तो, अरे दाबून बघ, मऊ लागतोय ना, मग काय पुजायचा आहे का त्याला?" आणि तो वाकून वेचत होता, विचारत होता, "हा?" "आणि हा?" "डोळा फुटलाय तो चालेल?" महिनाभर न विचारलेलं सगळं त्याने त्या एका दुपारी विचारून घेतलं.

गाजरं आणि बीट मात्र कोठीत परत जाण्यासारखे नव्हते, सगळ्यांची सालं खरवडलेली. अक्का म्हणाली, "कापून व्हिनेगर-मिठात घालू बरण्यांत, दुसरं काय." तिने कपाटावरून जुन्या बरण्या काढायला लावल्या, एक नळाखाली धरली, विसळली, आणि गाजराचे तुकडे टाकायला गेली.

"थांबा," जावई म्हणाला.

आवाजच वेगळा. अक्काचा हात हवेतच राहिला.

"ही धुतली म्हणता तुम्ही? झाकणाच्या रबरात बघा. हे काय आहे? मागच्या वर्षीचं आहे ते. यात गाजरं घातलीत तर महिन्यात झाकण फुगेल. आणि हात कुठे धुतलेत? मघाशी सडका कांदा धरला होता त्याच हाताने? बाजूला व्हा. कशालाही हात लावायचा नाही. मोठं पातेलं कुठे आहे?"

अक्काला तिच्याच स्वयंपाकघरात असं कुणी बोललं नव्हतं, नवरासुद्धा नाही. ती मुकाट्याने बाजूला झाली. मग म्हणाली, "खालच्या कप्प्यात." त्याने पातेलं काढलं, बरण्या तळाशी फडकं घालून उकळत ठेवल्या, झाकणं वेगळी, रबर वेगळं, स्वच्छ पंच्यावर उलट्या मांडल्या, आणि अक्काने मधेच एकीत डोकावून बघितलं तर, "श्वास नका सोडू त्यात."

"मग काय नाकाला चिमटा लावू?"

"लावा."

मुलगी बसमधून उतरली ती कोपऱ्यावरच. तिथपर्यंत अक्काचा आवाज येत होता. पर्स छातीशी धरून ती धावत सुटली, फाटक उघडंच टाकलं, अंगणात सडक्या बटाट्यांचा ढीग बघून तिला वाटलं, संपलं सगळं, आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचली तर आत दोघंही एकाच वेळी बोलत होते. अक्का म्हणत होती, "इतकं जाड कापतात का, गाजर आहे की सरपण?" आणि हा म्हणत होता, "चमचा ओला आहे, अक्का, चमचा पुसा आधी." खिडक्या वाफेने पांढऱ्या झालेल्या. नवऱ्याचे केस कपाळावर चिकटलेले.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"तुझी शपथ मोडली," अक्का म्हणाली. "दार लाव, वारा येतोय. बरण्या तडकतील."

एक तडकलीच. बाकीच्या टिकल्या. सडके बटाटे खड्ड्यात गेले, डागी होते ते उकडून कोंबड्यांना. निम्मा कांदा गेला तो गेलाच, हिवाळ्यात कांदा विकत आणावा लागणार होता, आणि अक्काने ते पुढे वर्षभर ऐकवलं.

त्या रात्री मुलगी अंथरुणावर पडल्या पडल्या नवऱ्याला म्हणाली, "जायचं असेल तर जाऊ आपण. खरंच. तू सांग."

तो म्हणाला, "तुझी आई मला ढब्बू म्हणाली."

"अरे देवा."

"दोनदा," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. खूप दिवसांनी लगेच झोप लागली त्याला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी जोराचा वारा सुटला आणि उरलीसुरली पानं एका सकाळीत खाली आली. ट्रॅक्टरवाला लगेच हजर. गडग्यावर कोपरं टेकली, घसा साफ केला. आत रिकाम्या झालेल्या बटाट्याच्या वाफ्यात जावई ओणवा होऊन दोरी धरून काहीतरी लावत होता.

"मग अक्का, काय ठरलं? पानं तर गेली."

अक्काला त्या घटकेला तरी पक्कं काही माहीत नव्हतं. जावयाने राहतो असं काही म्हटलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं, विचारायची भीती वाटत होती, झापायची भीती नाही पण हे विचारायची होती. ती म्हणाली, "त्यालाच विचार."

"त्यांना?"

"कमरेचे काटे त्याचे ढिले होणारेत, माझे नाही. विचार."

ट्रॅक्टरवाल्याने आवाज दिला, "काय पाव्हणं, काय लावताय?"

"लसूण," जावई तिकडूनच म्हणाला. कंबर सरळ केली, हात मागे धरून.

"आणि निघणार कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात निघेल म्हणतात. सात-आठ महिने लागतात याला." मग त्याने वाफ्यांकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. "तोपर्यंत इथे कुणाला काही बांधता येणार नाही. म्हणजे मी लावतोय ना."

ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली. "बरं. मग मी पलीकडच्या अंगाला बघतो जागा," असं म्हणून तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, म्हणजे आता अक्का काहीतरी टाकून बोलेल आणि कोबी देईल अशा हिशोबाने.

पण अक्काचं लक्षच नव्हतं. ती चपला सरकवून वाफ्यात उतरली होती. पहिल्या ओळीतली माती तिने बोटाने उकरली, एक पाकळी वर काढली, निरखून पाहिली, मग पुढची उकरली, मग त्याच्या पुढची.

"सगळी ओळ अशीच लावलीस?"

"हो. का?"

"टोकदार बाजू खाली."

"मला वाटलं टोक जमिनीत घुसायला बरं."

"खिळा आहे का तो?"

जावयाने दोरी खाली ठेवली, ओळीच्या सुरुवातीला जाऊन उकिडवा बसला आणि पहिली पाकळी उपसून काढली. "वर टोक?" त्याने विचारलं.

"वर टोक," अक्का म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूने, डाव्या हाताने, उकरायला बसली.